अमेरिकेतील 'मेडिकेअर' : पात्रता आणि नोंदणी यांमधील अंतर

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे उतारवयात राहावयास जाणाऱ्या मराठी आईवडिलांच्या बोलण्यात एक समज वारंवार आढळतो. पासष्टी ओलांडली की तिकडे दवाखान्याचे सरकार पाहते, असा तो समज होय. त्यात सत्यांश आहे, आणि म्हणूनच तो अधिक फसवा ठरतो. मेडिकेअर ही अमेरिकेच्या संघराज्य सरकारची ज्येष्ठांसाठी असलेली आरोग्यविमा योजना पासष्टाव्या वर्षाशी बांधलेली आहे, हे खरे. परंतु वय ही तिची केवळ एक अट आहे. कोणाच्या श्रमाची नोंद कोणाच्या नावावर आहे, वास्तव्य किती वर्षांचे आहे, अर्ज कोणत्या महिन्यात केला आणि खर्चाचा कोणता वाटा स्वतःकडे राहिला, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर त्या वृद्ध दांपत्याची स्थिती ठरते. 'पात्र असणे' आणि 'लाभ मिळणे' यांत सामान्य मराठी व्यवहारात फारसा भेद केला जात नाही. मेडिकेअरमध्ये मात्र या दोहोंच्या मध्ये एक दिनदर्शिका उभी आहे, आणि बहुतेक कुटुंबांचे नुकसान नेमके तेथेच होते. प्रस्तुत लेखात या अंतराचे स्वरूप उलगडण्याचा प्रयत्न आहे.

योजनेची घडण

मेडिकेअरची आजची गुंतागुंत समजावयाची तर तिच्या जन्माकडे पाहावे लागते. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १९४५ पासून राष्ट्रीय आरोग्यविम्याचा आग्रह धरला होता. काँग्रेसने तो मान्य केला नाही. वीस वर्षांनी, ३० जुलै १९६५ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ट्रुमन यांच्याच गावी, मिसूरी राज्यातील इंडिपेन्डन्स येथे, मेडिकेअरच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि पहिले कार्ड ट्रुमन यांना दिले. प्रत्यक्ष योजना १ जुलै १९६६ रोजी सुरू झाली.

हा कायदा मुळात तीन वेगवेगळ्या प्रस्तावांची मोट होता. डेमोक्रॅटिक पक्षाला वेतनावरील करातून चालणारा रुग्णालय-विमा हवा होता. रिपब्लिकन पक्षाकडून डॉक्टरांच्या शुल्कासाठी ऐच्छिक, हप्ता भरून घ्यावयाच्या विम्याचा प्रस्ताव आला होता. निर्धनांसाठी राज्यांमार्फत साहाय्य देण्याची तिसरी कल्पनाही पुढे होती. अर्थसमितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी या तिन्ही कल्पना एकावर एक रचल्या. पहिलीतून 'पार्ट ए' आला, दुसरीतून 'पार्ट बी' आणि तिसरीतून 'मेडिकेड'. पार्ट ए बहुतेकांना विनाहप्ता का मिळतो व पार्ट बी ला दरमहा पैसे का मोजावे लागतात, याचे उत्तर वैद्यकशास्त्रात नाही. ते १९६५ च्या राजकीय तडजोडीत आहे. मेडिकेअर व मेडिकेड या नावांतील साम्याने आजही अनेकांचा गोंधळ होतो. एक विमा आहे व तो मुख्यतः वयाशी निगडित आहे. दुसरे उत्पन्नावर आधारलेले साहाय्य असून ते राज्याराज्यांत वेगळे आहे.

त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, जॉन्सन यांनी आणखी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या कायद्याने स्थलांतरातील राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि भारतीय डॉक्टर, अभियंते व शास्त्रज्ञ यांना अमेरिकेची दारे उघडली. मेडिकेअरमुळे रुग्णालयांकडे निधी आला, निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा खर्चही त्यातून होऊ लागला, आणि मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या पिढीला तेथे जागा मिळाल्या. त्या पिढीने ज्या योजनेच्या रुग्णांवर उपचार केले, त्याच योजनेची ती आज लाभार्थी आहे. तिच्या बाबतीत पात्रतेचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तो उद्भवतो तो तिच्यामागून, मुलांच्या आधाराने आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत.

चाळीस तिमाह्या

पार्ट ए विनाहप्ता मिळण्यासाठी व्यक्तीच्या किंवा तिच्या पतीच्या अथवा पत्नीच्या नावावर कामाची चाळीस 'क्रेडिट' जमा असावी लागतात. पूर्वी ही गणना तिमाहीवर होत असल्याने आजही त्यांस तिमाही म्हणण्याची रीत आहे. आता गणना मिळकतीवर होते: २०२६ साली १,८९० डॉलर मिळकतीमागे एक क्रेडिट मिळते व वर्षात चारांहून अधिक मिळत नाहीत. म्हणजे वर्षाला ७,५६० डॉलरची करपात्र कमाई झाली की त्या वर्षाची चारही क्रेडिट पदरात पडतात. अशी दहा वर्षे भरावी लागतात. वेतनातून कामगाराकडून १.४५ टक्के आणि तेवढीच रक्कम मालकाकडून मेडिकेअर करापोटी जाते. भारतात केलेली तीस-पस्तीस वर्षांची नोकरी, तेथील भविष्यनिर्वाह निधी वा निवृत्तिवेतन, यांतले काहीही या हिशेबात धरले जात नाही. याची दुसरी बाजूही आहे. तात्पुरत्या व्हिसावर सहा-सात वर्षे नोकरी करून मायदेशी परतणारा संगणक अभियंता हा कर नियमितपणे भरतो. परंतु चाळीस क्रेडिट पूर्ण न झाल्यास त्या भरण्यातून त्याला विनाहप्ता पार्ट ए चा हक्क मिळत नाही, आणि भरलेली रक्कमही परत मिळत नाही.

पती-पत्नीपैकी एकाच्या नोंदीवर दुसऱ्याला हक्क मिळतो, ही तरतूद आयुष्यभर घर सांभाळलेल्या स्त्रियांसाठी फार मोलाची आहे. तथापि तिलाही एक काट आहे. ज्याच्या नोंदीवर हक्क सांगावयाचा तो जोडीदार किमान बासष्ट वर्षांचा असावा लागतो. पत्नी पासष्ट वर्षांची व पती अठ्ठावन्न वर्षांचा असेल, तर पतीच्या नावे चाळीस क्रेडिट असूनही पत्नीला चार वर्षे थांबावे लागते. घटस्फोट झाला असेल व विवाह किमान दहा वर्षे टिकला असेल, तर पूर्वीच्या जोडीदाराच्या नोंदीचाही आधार घेता येतो.

हयात मुलाच्या किंवा मुलीच्या नोंदीवर मात्र आईवडिलांना असा हक्क मिळत नाही. मराठी कुटुंबांना ही गोष्ट पटण्यास जड जाते, कारण मुलाची कमाई ही घराची कमाई असे मानण्याचा आपला संस्कार आहे. मुलगा वीस वर्षे कर भरतो आहे, मग आईला कार्ड का नाही, हा प्रश्न त्या संस्कारातून येतो. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने येथे कुटुंब म्हणजे दांपत्य; त्यात वडीलधाऱ्यांचा समावेश नाही.

ज्यांच्याकडे क्रेडिट नाहीत त्यांना दार अगदीच बंद आहे असे नाही. पासष्ट वर्षे पूर्ण केलेली, कायम वास्तव्याचा परवाना म्हणजे ग्रीन कार्ड असलेली आणि अर्जापूर्वी सलग पाच वर्षे अमेरिकेत राहिलेली व्यक्ती हप्ता भरून मेडिकेअर विकत घेऊ शकते. येथे 'सलग' या शब्दाकडे लक्ष द्यावयास हवे. सहा महिने लेकीकडे व सहा महिने पुण्याला, अशी आयुष्याची विभागणी करणाऱ्या दांपत्याच्या वास्तव्याचे सातत्य तपासणीत प्रश्नांकित होऊ शकते. घरच्या लग्नासाठी किंवा सदनिकेच्या नोंदणीसाठी लांबलेला मुक्कामही या हिशेबात मोजला जातो.

एक उदाहरण

विषय स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. सातारा जिल्ह्यातील शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक व त्यांच्या पत्नी मे २०२१ मध्ये ग्रीन कार्डावर न्यू जर्सीत मुलीकडे राहावयास गेले आणि तेथून फारसे हलले नाहीत, असे समजू. त्या वेळी गुरुजींचे वय सदुसष्ट, बाईंचे त्रेसष्ट. दोघांच्याही नावे अमेरिकेतील काम नाही. त्यांची पाच वर्षे मे २०२६ मध्ये पूर्ण होतात.

पहिल्या पाच वर्षांत मेडिकेअर नाही. संघराज्याच्या १९९६ च्या कायद्यान्वये ग्रीन कार्डधारकांना सर्वसाधारणपणे पहिली पाच वर्षे मेडिकेडही मिळत नाही. या काळात विमाबाजारातून, म्हणजे ज्यास तेथे 'मार्केटप्लेस' म्हणतात तेथून, खासगी विमा घ्यावा लागतो. पर्यटकांसाठी असलेला विमा घेऊन दिवस काढणारेही पुष्कळ आहेत. पूर्वीपासून असलेल्या आजारांच्या बाबतीत तो बहुधा उपयोगी पडत नाही.

पाच वर्षे पूर्ण झाल्यावर काय? २०२६ च्या दराने तीसपेक्षा कमी क्रेडिट असलेल्या व्यक्तीस पार्ट ए साठी दरमहा ५६५ डॉलर पडतात. तीस ते एकोणचाळीस क्रेडिट असल्यास ३११. पार्ट बी चा सर्वसाधारण हप्ता २०२.९० डॉलर आहे. म्हणजे माणशी ७६७.९० डॉलर, दोघांचे मिळून महिन्याला १,५३५.८० आणि वर्षाला अठरा हजार डॉलरांहून अधिक. औषधांचा विमा याहून वेगळा. हा आकडा ऐकून अनेक कुटुंबे फक्त पार्ट बी घेण्याचा विचार करतात, आणि कायद्याने तसे करता येते. पार्ट बी न घेता हप्त्याचा पार्ट ए मात्र घेता येत नाही. परंतु केवळ पार्ट बी घेतल्यास रुग्णालयातील खाटेचा खर्च उघडा राहतो. शिवाय पुढे ज्यांचा उल्लेख येणार आहे त्या 'मेडिगॅप' व 'अ‍ॅडव्हान्टेज' या दोन्ही वाटाही बंद होतात, कारण त्यांसाठी ए व बी दोन्ही असणे आवश्यक असते.

गुरुजींनी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी जवळच्या दुकानात अर्धवेळ काम धरले असते तर? दहा वर्षांनी, सत्त्याहत्तराव्या वर्षी, दोघांचाही पार्ट ए विनाहप्ता झाला असता. अमेरिकेतील भारतीय दुकानांच्या गल्ल्यावर दिसणाऱ्या वृद्ध गृहस्थांपैकी काहींच्या तेथे बसण्यामागे हा हिशेब असू शकतो. येथे आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. आईवडिलांना बोलावताना मुलीने त्यांच्या निर्वाहाची हमी देणारे जे शपथपत्र भरलेले असते, त्याचे बंधनही त्यांची चाळीस तिमाह्यांची नोंद पूर्ण झाल्यावर किंवा ते नागरिक झाल्यावर संपते. एकाच आकड्याला दोन ठिकाणी हे महत्त्व आहे.

सात महिन्यांची खिडकी

पात्रता आली की नोंदणीचा प्रश्न येतो. निवृत्तिवेतन म्हणून सोशल सिक्युरिटीचा लाभ आधीपासून घेणाऱ्यांची नोंदणी आपोआप होते. इतरांना ती स्वतः करावी लागते, आणि कोणीही घरी येऊन आठवण करून देत नाही. पहिली मुदत सात महिन्यांची असते: पात्रतेचा महिना, त्याआधीचे तीन व नंतरचे तीन. अमेरिकेत आयुष्य काढलेल्यांच्या बाबतीत हा महिना पासष्टाव्या वाढदिवसाचा. उदाहरणातील गुरुजी व बाई यांच्या बाबतीत तो पाच वर्षे पूर्ण होण्याचा, म्हणून त्यांची मुदत फेब्रुवारी २०२६ ते ऑगस्ट २०२६ अशी येते. आपले वय सत्तरीपलीकडे गेले, आता मुदत कसली, असे गुरुजींना वाटणे स्वाभाविक आहे. पण मुदत असते.

ती चुकली तर दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात पुन्हा नोंदणी करता येते. पूर्वी अशा नोंदणीनंतर संरक्षण थेट १ जुलैपासून सुरू होई. २०२३ पासून ते पुढील महिन्याच्या एक तारखेस सुरू होते. या सुधारणेने प्रतीक्षा घटली, दंड मात्र गेला नाही. पार्ट बी च्या नोंदणीस झालेल्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांच्या विलंबामागे हप्त्यात दहा टक्के वाढ होते, आणि ही वाढ पार्ट बी असेपर्यंत, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत मरेपर्यंत, चालू राहते. गुरुजींनी ऑगस्ट २०२६ ची मुदत हुकवून मार्च २०२९ मध्ये नोंदणी केली, तर मध्ये एकतीस महिने जातात. त्यांतील पूर्ण वर्षे दोन. म्हणून वीस टक्के वाढ, २०२६ च्या दराने दरमहा सुमारे साडेचाळीस डॉलर. हप्त्याच्या पार्ट ए साठी दंड दहा टक्के असून तो विलंबाच्या वर्षांच्या दुप्पट काळ भरावा लागतो. औषधविम्याचा दंड महिन्यामागे एक टक्का या प्रमाणात मोजला जातो. त्यातली वाढ अल्प दिसते, पण तीही कायमची.

दंडाशिवाय थांबण्याची सोय एकाच परिस्थितीत आहे. व्यक्ती स्वतः वा तिचा जोडीदार अद्याप नोकरीत असेल आणि त्या नोकरीमुळे मिळणारा गटविमा चालू असेल, तर ती नोकरी किंवा तो विमा यांपैकी जे आधी संपेल तेथपासून आठ महिन्यांची विशेष मुदत मिळते. या वाक्यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. नोकरी 'चालू' हवी. नोकरी सुटल्यावर 'कोब्रा' नावाच्या कायद्याखाली पैसे भरून लांबवलेला जुना विमा येथे चालत नाही, आणि तो चालतो असे समजल्याने चांगली शिकलेली माणसेही दंडास पात्र झाली आहेत. मार्केटप्लेसचा विमा चालत नाही. पासष्टी ओलांडलेल्यांच्या बाबतीत मुलाच्या कंपनीचा विमाही चालत नाही. आणि ज्या आस्थापनेत वीसपेक्षा कमी कर्मचारी आहेत तेथे बिल आधी मेडिकेअरकडे जाते व गटविमा त्यानंतर येतो. त्यामुळे लहान दवाखाना किंवा दुकान चालवणाऱ्या मराठी व्यावसायिकाने 'माझा विमा आहे' म्हणून पार्ट बी टाळल्यास गटविमाही बिलाचा मोठा भाग नाकारू शकतो.

आणखी एका गोंधळाचे मूळ सोशल सिक्युरिटीच्या वयात आहे. १९६० व त्यानंतर जन्मलेल्यांचे पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय सदुसष्ट झाले आहे. मेडिकेअरचे वय मात्र पासष्टच राहिले. ज्यांच्या डोक्यात सदुसष्ट हा आकडा पक्का बसलेला असतो, ते दोन वर्षे गमावतात आणि वीस टक्के दंड ओढवून घेतात.

'वजावट' या शब्दाविषयी

खर्चाचा विचार करताना भाषेचा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. इंग्रजी 'डिडक्टिबल' साठी मराठीत 'वजावट' हा शब्द सहज सुचतो. परंतु मराठी माणसाच्या मनात वजावट म्हणजे प्राप्तिकरातील वजावट, दुकानदाराने बिलातून कमी केलेली रक्कम. ती आपल्या लाभाची असते. विम्यातील डिडक्टिबल याच्या नेमकी उलट आहे: विमा सुरू होण्याआधी रुग्णाने स्वतःच्या खिशातून भरावयाची ती रक्कम होय. '१,७३६ डॉलर वजावट आहे' हे वाक्य ऐकून आजोबा समाधानाने मान डोलावतील, तर दोष त्यांचा नाही. तिला 'आधीचा स्वभार' म्हणणे अधिक प्रामाणिक होईल. त्याचप्रमाणे 'को-इन्शुरन्स' मध्ये सहविमा असे काही नसून रुग्णाच्या वाट्याचा टक्का असतो. परिभाषा घडविताना शब्दाचे मूळ जुळवण्यापेक्षा पैसे कोणाच्या खिशातून जातात हे पाहणे श्रेयस्कर.

पार्ट ए मधील हा स्वभार २०२६ साली १,७३६ डॉलर आहे, आणि तो वार्षिक नाही. तो प्रत्येक 'लाभकाला'स लागू होतो. रुग्ण दाखल झाला की लाभकाल सुरू होतो. रुग्णालयाच्या व परिचर्या केंद्राच्या बाहेर सलग साठ दिवस काढले की तो संपतो. म्हणजे जानेवारीत हृदयविकारासाठी व मे महिन्यात पडून मांडीचे हाड मोडल्याने दाखल व्हावे लागले, तर तोच स्वभार वर्षात दोनदा भरावा लागतो. तो भरल्यावर पहिले साठ दिवस रुग्णालयाच्या खर्चाचा वाटा द्यावा लागत नाही. एकसष्ट ते नव्वद या दिवसांसाठी दररोज ४३४ डॉलर, आणि त्यापुढे आयुष्यात एकदाच वापरता येणाऱ्या साठ राखीव दिवसांसाठी दररोज ८६८ डॉलर. ते संपले की सर्व भार रुग्णाचा.

पार्ट बी मध्ये डॉक्टरांचे शुल्क, तपासण्या, बाह्यरुग्ण उपचार येतात. तेथे वार्षिक स्वभार २८३ डॉलर असून पुढे मान्य शुल्काच्या वीस टक्के रुग्णाने द्यावयाचे असतात. वीस टक्के ऐकताना थोडे वाटतात. परंतु मूळ मेडिकेअरमध्ये या वीस टक्क्यांना वरची मर्यादा नाही. बाह्यरुग्ण विभागात शिरेतून दिल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या औषधांचे मान्य शुल्क वर्षात एक लाख डॉलर झाले, तर वीस हजार डॉलर रुग्णाचे. प्रतिबंधक तपासण्या व लसी बहुतांशी विनाशुल्क आहेत, ही जमेची बाजू.

येथे एका अशा तरतुदीचा उल्लेख करणे आवश्यक आहे जी भाषेच्या अभ्यासकालाही चकित करील. रुग्णालयाच्या खाटेवर तीन रात्री झोपलेला माणूस कागदोपत्री 'दाखल' असेलच असे नाही. डॉक्टरांनी त्याला 'निरीक्षणाखाली' ठेवले असेल तर तो कायद्याने बाह्यरुग्ण ठरतो. खाट तीच, सलाइन तेच, परिचारिका त्याच. बिल मात्र पार्ट बी खाली. याचा खरा फटका नंतर बसतो. रुग्णालयातून निघाल्यावर काही आठवडे प्रशिक्षित परिचर्या देणाऱ्या केंद्रात राहण्याचा खर्च मेडिकेअर पहिले वीस दिवस पूर्ण व त्यापुढे शंभराव्या दिवसापर्यंत अंशतः उचलते. २०२६ साली रुग्णाचा रोजचा वाटा २१७ डॉलर आहे. मूळ मेडिकेअरमध्ये त्यासाठी आधी किमान तीन दिवस आंतररुग्ण म्हणून दाखल असावे लागते. निरीक्षणाच्या रात्री त्यात धरल्या जात नाहीत. निरीक्षण चोवीस तासांहून अधिक लांबल्यास रुग्णालयाने लेखी सूचना देणे आता बंधनकारक आहे. पण आजारी सासऱ्यांच्या उशाशी बसलेल्या सुनेच्या हाती जो कागदांचा गठ्ठा येतो, त्यात ही सूचना एक असते. 'आमचा रुग्ण दाखल आहे की निरीक्षणाखाली?' हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारण्याजोगा आहे.

दोन वाटा

वीस टक्क्यांच्या या उघड्या दारासाठी दोन उपाय आहेत. पहिला 'मेडिगॅप'. मूळ मेडिकेअर ठेवून रुग्णाच्या वाट्यासाठी खासगी कंपनीचा पूरक विमा घ्यावयाचा. देशात कोठेही, मेडिकेअर स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे जाता येते. त्याची किंमत म्हणजे आणखी एक हप्ता. दुसरा 'मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज' अथवा पार्ट सी. १९९७ च्या कायद्याने त्याला आजचा आकार आला व २००३ मध्ये हे नाव मिळाले. येथे ए व बी चे लाभ खासगी कंपनीमार्फतच घ्यावयाचे असतात. वरचा हप्ता बहुधा नसतो किंवा अल्प असतो, दात-चष्म्याची थोडीबहुत सोय मिळते, आणि वार्षिक खर्चाला मर्यादा असते. २०२६ साली कंपनीच्या जाळ्यातील उपचारांसाठी ती ९,२५० डॉलरांहून अधिक असू शकत नाही. मोबदल्यात डॉक्टरांचे जाळे मर्यादित होते आणि अनेक उपचारांसाठी कंपनीची पूर्वसंमती लागते. आज निम्म्याहून अधिक लाभार्थी या दुसऱ्या वाटेवर आहेत.

कोणती वाट बरी, याचे एकच उत्तर नाही. परंतु दोन्ही वाटांवरून परतणे सारखे सोपे नाही, हे मात्र जाहिरातींत सांगितले जात नाही. वय पासष्ट वा अधिक असताना पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने मेडिगॅप कंपनीला कोणताही आजार दाखवून नकार देता येत नाही. तो काळ गेला की बहुतेक राज्यांत काही ठरावीक परिस्थिती वगळता कंपनी प्रकृतीची चौकशी करून नाकारू शकते. प्रकृती धडधाकट असताना स्वस्त म्हणून अ‍ॅडव्हान्टेज घेणारा आणि आजार झाल्यावर मूळ मेडिकेअरकडे वळू पाहणारा माणूस वळू तर शकतो, परंतु पूरक विम्याविना. मधुमेह व हृदयविकार यांचे दक्षिण आशियाई समाजातील प्रमाण पाहता मराठी ज्येष्ठांनी या सहा महिन्यांना विशेष जपले पाहिजे.

औषधांचा पार्ट डी १ जानेवारी २००६ पासून आला. २०२२ च्या कायद्याने त्याचे स्वरूप पुष्कळ सुधारले: इन्सुलिनचा रुग्णाचा वाटा २०२३ पासून महिन्याला ३५ डॉलरांवर आणला गेला, आणि विम्यातील औषधांवर वर्षभरात स्वतःच्या खिशातून होणाऱ्या खर्चाला २०२५ मध्ये २,००० व २०२६ मध्ये २,१०० डॉलरची मर्यादा आली. योजना दरवर्षी बदलतात, म्हणून १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात आपली औषधे पुढील वर्षाच्या यादीत आहेत किंवा नाहीत हे पाहावे लागते. ज्यांचे उत्पन्न मोठे आहे त्यांना बी व डी साठी अधिक हप्ता पडतो. हे उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचे धरतात. २०२६ साठी ती मर्यादा एकट्या व्यक्तीस १,०९,००० व दांपत्यास २,१८,००० डॉलर आहे. घर विकून मोठा नफा झाल्यास त्याची झळ दोन वर्षांनी हप्त्यात लागते. उलट उत्पन्न अगदी कमी असलेल्यांचे हप्ते राज्यांच्या साहाय्ययोजनांतून भरले जाऊ शकतात.

जे यात नाही

दातांचे नेहमीचे उपचार, चष्मे व श्रवणयंत्रे मूळ मेडिकेअरमध्ये नाहीत. दीर्घकालीन सांभाळ, म्हणजे आंघोळ घालणे, भरवणे, उठवून बसवणे, यांसाठीही मेडिकेअर पैसे देत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापेक्षा याचीच गरज अधिक असते. असा खर्च भागवण्यात स्वतःची पुंजी संपली की मेडिकेडचा आधार घ्यावा लागतो; नाही तर हे काम घरातल्या सुना-लेकींवर येते, आणि मराठी घरांत ते बहुधा तसेच येते.

आणखी एक वगळलेली गोष्ट भारताशी थेट संबंधित आहे. काही अत्यंत मर्यादित अपवाद सोडता मेडिकेअर अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही. काही मेडिगॅप योजनांत परदेश प्रवासातील तातडीच्या उपचारांची सोय असते. ती प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांपुरती, २५० डॉलर स्वभारानंतर ऐंशी टक्के, आणि संपूर्ण आयुष्यात ५०,००० डॉलरपर्यंत. हिवाळ्यात दोन महिने कोल्हापूरला येऊन जाणाऱ्यास ती पुरेशी होईल. निवृत्तीनंतर पुण्यात घर घेऊन कायमचे परतणाऱ्यास नाही.

या परतणाऱ्यांपुढील पेच असा. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन भारतात मिळत राहते, पार्ट ए विनाहप्ता असल्याने तसाच राहतो. प्रश्न पार्ट बी चा. ज्याचा पुण्यातल्या रुग्णालयात एक रुपयाचाही उपयोग नाही, त्यासाठी दरमहा २०२.९० डॉलर भरत राहावे काय? हप्ता थांबवला आणि पाच वर्षांनी नातवंडांजवळ राहण्यासाठी किंवा मोठ्या शस्त्रक्रियेसाठी परत जावेसे वाटले, तर जानेवारी ते मार्चची वाट पाहावी लागते व पन्नास टक्के दंडासह आजच्या दराने सुमारे ३०४ डॉलरचा हप्ता आयुष्यभर भरावा लागतो. दुसऱ्या बाजूला, पाच वर्षे उपयोगाविना हप्ता भरल्यास बारा हजार डॉलरांहून अधिक रक्कम जाते. केवळ आकड्यांकडे पाहिले तर परतल्यावर दहा वर्षांपेक्षा कमी काळ राहण्याची शक्यता असलेल्यास हप्ता थांबवणे स्वस्त पडते. त्याहून अधिक काळ राहणार असेल तर चालू ठेवणे. पण या गणितात एप्रिल ते डिसेंबर यांमध्ये अचानक परत जावे लागल्यास मधल्या महिन्यांत होणाऱ्या आजाराची किंमत धरलेली नाही, आणि पुन्हा मेडिगॅप मिळेल की नाही हेही नाही. पत्नी मागे राहिल्यास ती मुलाकडे जाणार काय, या प्रश्नाचे उत्तरही हप्ता थांबवण्याचा अर्ज भरण्याआधीच द्यावे लागते. नोंदणीप्रमाणे हा निर्णयही पती व पत्नी यांनी स्वतंत्रपणे करावयाचा असतो. दोघांपैकी एकाने पार्ट बी ठेवून दुसऱ्याने सोडण्यास कायद्याची हरकत नाही. प्रत्येक राज्यात ज्येष्ठांसाठी मेडिकेअरविषयक मोफत समुपदेशनाची सरकारी निधीवर चालणारी व्यवस्था आहे, आणि सोशल सिक्युरिटी कार्यालयाकडे मागितल्यास दुभाषीही विनामूल्य मिळतो.